अमेरिका आणि चीन यांच्या चढाओढीला इतिहासातला कोणता दाखला लागू पडतो?

अमळनेरकर: पुढील महिन्यात आमच्या वाचनालयात मला या विषयावर तासभर बोलायचे आहे. वर्तमानपत्रे सरसकट ‘नवे शीतयुद्ध’ म्हणतात. परंतु सोव्हिएत संघाशी अमेरिकेचा व्यापार नगण्य होता आणि चीनशी तो अवाढव्य आहे, त्यामुळे हा दाखला मला पटत नाही. प्राचीन ग्रीसमधले अथेन्स आणि स्पार्टा श्रोत्यांना फार दूरचे वाटतील. जाणकारांनी सुचवावे.

धुळ्याचा मास्तर: १९१४ पूर्वीचे ब्रिटन आणि जर्मनी घ्या. दोघे एकमेकांचे मोठे गिऱ्हाईक होते, तरीही १८९८ च्या जर्मन आरमार कायद्यानंतर चुरस सुरू झाली आणि १९०६ मध्ये ब्रिटनने ‘ड्रेडनॉट’ ही नव्या धाटणीची युद्धनौका पाण्यात उतरवल्यावर ती पेटली. गंमत अशी की, त्या एका नौकेने जगातल्या जुन्या युद्धनौका निकालात काढल्या आणि त्यांत सर्वाधिक ब्रिटनच्याच होत्या. मात्र अण्वस्त्रे तेव्हा नव्हती, हा फरक अवश्य सांगा. शिवाय त्याच सुमारास, १९०१ च्या करारान्वये, मध्य अमेरिकेतील नियोजित कालव्यावरचा आपला हक्क ब्रिटनने अमेरिकेसाठी मुकाट्याने सोडला. म्हणजे प्रत्येक चढाओढ युद्धावरच जाते असे नाही.

तापीकाठ, रावेर: मास्तरांचे दोन्ही दाखले बलाढ्यांच्या बाजूने पाहणारे आहेत. आपला खानदेश मध्ये सापडलेला होता. इथला फारुकी घराण्यातला सुलतान राजा अली खान याने अहमदनगरची निजामशाही आणि मोगल बादशहा अकबर या दोघांनाही अनेक वर्षे सांभाळले, १५९१ मध्ये अकबराचा वकील (दूत) म्हणून कवी फैजी त्याच्याकडे आला आणि अखेर १५९७ मध्ये आष्टीच्या लढाईत तो मोगलांच्या बाजूने लढताना पडला. त्या गोंधळात तो पळाला असे समजून मोगलांनीच त्याची छावणी लुटली; प्रेत दुसऱ्या दिवशी सापडले. त्याचा मुलगा बहादूर खान मोगलांवर उलटला, आणि जानेवारी १६०१ मध्ये त्याचा असीरगड किल्ला पडून राज्यच संपले.

कापूसवाला, जळगाव: अमेरिकेतले यादवी युद्ध ही महासत्तांची स्पर्धा नव्हे, हे मान्य, पण १८६१ मध्ये तिकडची बंदरे अडली तेव्हा इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांसाठी इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि १८६५ मध्ये तो कोसळला. २०१८ मध्ये चीनने अमेरिकी कापसावर २५ टक्के जादा कर लावला. आजही जिनिंगवर भाव विचारला की व्यापारी आधी मोबाईलवर न्यूयॉर्कचा वायदा पाहतो.

अमळनेरकर: आभारी आहे. मग सुरुवात राजा अली खानाच्या लुटलेल्या छावणीपासून करतो. ड्रेडनॉट नंतर येईल.