एकच ‘कोयोटी’ इंजिन: ट्रकवाल्यांचे ५२ घोडे नेमके कोणी पळवले?

कॅमशाफ्ट:
काल इथे एका सदस्याने ठामपणे लिहिले की, फोर्डचे ५.० लिटरचे कोयोटी इंजिन २०११ च्या मस्टँग जीटी या स्पोर्ट्स कारमध्ये ४१२ अश्वशक्ती देते आणि तेच इंजिन त्याच वर्षीच्या एफ-१५० पिकअपमध्ये ३६० देते, हा निव्वळ इंजिनाच्या संगणकाला घातलेल्या कुलपाचा खेळ आहे. कुलूप काढले की ५२ घोडे फुकट मिळतात. रात्रभर हे वाक्य डोक्यात ठणकत राहिले, म्हणून सविस्तर लिहितो.

ब्लॉक तोच, बोअर (सिलिंडरचा व्यास) ९२.२ आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) ९२.७ मिलिमीटर हेही तेच, इथपर्यंत आपले बरोबर आहे. परंतु मस्टँगचे कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधले मिश्रण किती पट दाबले जाते ते प्रमाण, ११ ला १, तर ट्रकचे १०.५ ला १ आहे. ट्रकला धूर बाहेर नेणाऱ्या, नळ्यांच्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डऐवजी बीडाचे (ओतीव लोखंडाचे) मॅनिफोल्ड आणि वेगळा ऑइल कूलर दिलेला आहे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे हवा आत घेणारे व्हॉल्व्ह उघडणारे, म्हणजे इनटेकचे, कॅम वेगळे आहेत. मस्टँगचा इनटेक व्हॉल्व्ह अधिक काळ उघडा राहतो. इंजिनाचे मिनिटाचे फेरे वाढले की आत धावणाऱ्या हवेला स्वतःचाच वेग असतो, त्यामुळे पिस्टन वर निघाला तरी ती आत शिरत राहते आणि उशिरा मिटणारा व्हॉल्व्ह तिथे कमाई करून देतो. कमी फेऱ्यांना मात्र हवेला तो जोर नसतो आणि पिस्टन आत आलेलीच हवा परत बाहेर लोटतो. ट्रकचा कॅम व्हॉल्व्ह लवकर मिटवून ही गळती वाचवतो. हे लोखंडात घासून काढलेले आकार आहेत. लॅपटॉप जोडून ते बदलत नाहीत.

टोचन:
ती पोस्ट माझीच होती. आपण २०११ पाशीच का थांबलात, हे न समजण्याइतका मी नवखा नाही. २०१८ मध्ये मस्टँग आणि एफ-१५० या दोन्हींचे कॉम्प्रेशन १२ ला १ झाले. आपल्या हिशेबाने तफावत घटायला हवी होती. प्रत्यक्षात ४६० विरुद्ध ३९५, म्हणजे ६५ घोड्यांवर गेली. आता तो अर्धा अंक कुठे ठेवायचा, ते सांगावे.

दुसरे असे की, ट्रकला त्या बदल्यात टॉर्क, म्हणजे पिळण्याचा जोर, मिळतो, असे सूचित करून आपण मोकळे झालात. २०११ च्या ट्रकचा कमाल टॉर्क ३८० पाउंड-फूट आणि मस्टँगचा ३९०, तोही दोघांचा ४२५० फेऱ्यांनाच. घोडेही गेले आणि टॉर्कही गेला, मग माझ्या पदरात पडले काय? मी कोलोरॅडोत राहतो आणि आयझेनहॉवर बोगद्याच्या चढाने, ११,००० फुटांपलीकडच्या विरळ हवेत, ट्रेलर ओढत नेतो. तिथे मला व्हॉल्व्हचे तत्त्वज्ञान नको असते, जोर हवा असतो.

बीडाचा_ब्लॉक:
आपण दोघेही फोर्डच्याच अंगणात भांडत आहात. ट्रकचे इंजिन आणि स्पोर्ट्स कारचे इंजिन यांतला अस्सल फरक पाहायचा तर जनरल मोटर्सकडे या. १९९७ च्या कॉर्व्हेटमधले एलएस-१ ॲल्युमिनियमच्या ब्लॉकचे, ५.७ लिटर आणि ३४५ अश्वशक्तीचे. १९९९ च्या सिल्व्हराडोमधले ५.३ मात्र बीडाचे आणि २७० चे. स्ट्रोक दोघांचा ९२ मिलिमीटर, फरक बोअरचा: ९९ आणि ९६. बीड स्वस्त असते, भार सोसते आणि ट्रकमध्ये पन्नासेक किलोची फिकीर कोणाला नसते. ट्रकचे इंजिन म्हणजे बीडाचे इंजिन, हा साधा नियम आहे.

कॅमशाफ्ट:
हा नियम साधा असला तरी चुकीचा आहे. कोयोटीचा ब्लॉक कारमध्येही ॲल्युमिनियमचा आहे आणि ट्रकमध्येही. आपल्या लाडक्या जनरल मोटर्सनेसुद्धा २००५ पासून काही पिकअपना एल-३३ हे ॲल्युमिनियम ब्लॉकचे, ३१० अश्वशक्तीचे ५.३ इंजिन दिले होते.

बीडाचा_ब्लॉक:
एल-३३ चे नाव मला शिकवू नये. त्याच नावाने मी फसलो आहे. माझ्या जुन्या कॅमॅरोचे इंजिन गेले, तेव्हा एका भंगारवाल्याने ‘हे ॲल्युमिनियमचे ५.३ आहे’ असे शपथेवर सांगून ट्रकमधले इंजिन माझ्या गळ्यात मारले. घरी आणून चुंबक लावला, तर तो असा चिकटला की दोन बोटांनी निघेना. तरीही ते बसवले. बॉनेट मिटेना, कारण ट्रकचे हवा आत नेणारे इनटेक मॅनिफोल्ड लांब नळ्यांचे आणि उंच असते. शेवटी कारचे बुटके मॅनिफोल्ड शोधावे लागले. गाडीचे नाक जड झाले ते झालेच. मात्र ती आजही धावते आहे, हे ॲल्युमिनियमभक्तांनी नोंदवून ठेवावे.

टोचन:
धागा माझ्या ५२ घोड्यांचा होता, तो आता भंगारबाजारात पोहोचला आहे. चुंबकाची कथा रंजक आहे. माझ्या प्रश्नाचे उत्तर मात्र अद्याप कोणीही दिलेले नाही.

कॅमशाफ्ट:
देतो. २०१८ च्या बाबतीत कॉम्प्रेशनचा मुद्दा टिकत नाही, हे मान्य. मी तो पहिल्या पिढीपुरताच मांडायला हवा होता. कॅमचा फरक तेव्हाही राहिलाच आणि मस्टँगची कमाल शक्ती ७००० फेऱ्यांपर्यंत नेली गेली, ट्रकची ५७५० वरच थांबली. तफावत तिथे वाढली.

आता टॉर्क. अश्वशक्तीला ५२५२ ने गुणून फेऱ्यांनी भागले की त्या क्षणीचा टॉर्क निघतो. २०११ चा ट्रक ५५०० फेऱ्यांना ३६० देतो, म्हणजे ३४४ पाउंड-फूट. मस्टँग ६५०० ला ४१२ देते, म्हणजे ३३३. तिचा पिळा तिथे किंचित कमीच आहे, ती केवळ हजार फेरे पुढे जाऊन तो देते. आपले ५२ घोडे तिथे राहतात. ट्रेलर लावून आपण ६५०० फेऱ्यांवर किती वेळ चढणार आहात? ट्रकची कमाई ४२५० च्या खाली आहे आणि माहितीपत्रकात फक्त शिखर छापतात, पायथा छापत नाहीत, ही तक्रार मात्र आपण खुशाल करावी; त्यात मी आपल्यासोबत आहे. उरलेला जोर ३.५५ किंवा ३.७३ गुणोत्तराच्या मागच्या ॲक्सलमधून येतो. गिअरबॉक्स, ऑटोमॅटिक असेल तर, दोघांकडे तोच सहा गिअरचा ६आर८० आहे.

टोचन:
गणित तपासले, बरोबर आहे, याचे दुःख आहे.

मग हेही सांगून टाकतो. त्या पोस्टआधी आठ महिने मी एका गॅरेजकडून ‘मस्टँगचा मॅप’, म्हणजे इंजिनाच्या संगणकाची मस्टँगसारखी मांडणी, टाकून घेतला होता. सपाटीवर, रिकाम्या गाडीला, वरच्या फेऱ्यांत थोडा फरक जाणवला आणि मी सगळ्यांना सांगत सुटलो. नंतर ट्रेलर लावून, साधेच पेट्रोल भरून चढाला लागलो. इंजिन नॉक करू लागताच, म्हणजे मिश्रण अवेळी पेटून ठोके पडू लागताच, संगणकाने ठिणगी उशिरा पाडायला सुरुवात केली आणि गाडी पूर्वीपेक्षाही मरगळली. मागचे ट्रक हॉर्न वाजवत पुढे गेले. गॅरेजवाला म्हणाला, ‘महागडे पेट्रोल भरा.’ ओझे ओढायला घेतलेल्या गाडीत!

तरीही कुलूप अजिबात नव्हते, हे मी मानणार नाही. त्या मॅपने काहीतरी नक्कीच उघडले होते.

कॅमशाफ्ट:
उघडले असेल. व्हॉल्व्ह केव्हा उघडावा, हे या इंजिनात संगणक मागेपुढे करू शकतो. किती काळ उघडा राहावा, ते कॅमच ठरवतो. पाच-दहा घोडे मी आपल्याला देऊन टाकतो.

बीडाचा_ब्लॉक:
बीडाचा ब्लॉक असता तर हॉर्न ऐकावे लागले नसते.

टोचन:
आपण चुंबक सांभाळा. मी उद्या मूळ मॅप परत टाकून घेतो आहे आणि त्याचेही पैसे तोच गॅरेजवाला घेणार आहे.