मदत हवी आहे: झारे, उलथनी, रवी, चिमटे ठेवायचे कुठे? ड्रॉवर उघडतच नाही

वैतागबाई (गुरुवार, रात्री १०:४०)
नमस्कार. सरळ मुद्द्यावर येते. ओट्याखालचा वरचा ड्रॉवर कालपासून उघडत नाही. दोन बोटं जातील इतकी फट पडते आणि आत काहीतरी अडकतं. झारे, उलथनी, सांडशी, लाटणी, किसणी, पळ्या, डाव, सगळा संसार त्यातच आहे. आज पिठलं चमच्यानं ढवळलं. ऑनलाइन चार ऑर्गनायझर मागवून झाले, एकही बसला नाही. रविवारी १४ माणसं जेवायला आहेत. लवकर सांगा. आणि कृपा करून "नको ते काढून टाका" म्हणू नका, ते माझ्या हातात नाही.

मापाडी (१०:५२)
ड्रॉवरची आतली रुंदी, खोली, उंची? ट्रॉली जाळीची की पत्र्याची? की लाकडी ड्रॉवर आहे? ऑर्गनायझर मागवताना माप घेतलं होतं का? फोटो टाका.

रिकामीफळी (११:०५)
नका म्हणालात तरी सांगतेच. एक झारा, दोन उलथनी, एक पळी, एक सांडशी. याच्यावर घरात काही लागत नाही. मी पुण्याला शिफ्ट झाले तेव्हा बाकी सगळं वाटून टाकलं. पाच वर्षांत एकदाही आठवण आली नाही.

वैतागबाई (११:१०)
@मापाडी उघडत नाही म्हणतेय, आतलं माप कुठून घेऊ? बाहेरून १५ इंच रुंद. उंची वीतभरही नाही. स्टीलची ट्रॉली आहे.
@रिकामीफळी वाचा ना ओ आधी.

सुतारकाम (११:३१)
ताई, ओढाओढ थांबवा, चॅनेल वाकेल. त्याच्या खालची ट्रॉली आधी पूर्ण बाहेर काढा. दोन्ही बाजूंच्या चॅनेलला काळी प्लास्टिकची पट्टी असते. एका बाजूची वर आणि दुसऱ्या बाजूची खाली दाबून धरायची, मग ट्रॉली सरळ बाहेर येते. त्या मोकळ्या जागेतून हात घाला. वरची ट्रॉली जाळीची असली तर विणायच्या सुईनं खालून ढोसा, जे उभं राहिलंय ते आडवं पडेल. पत्र्याची असली तर मागच्या बाजूनं हात वर न्या. बहुतेक वेळा रवी असते. तिचं फूल आडवं ठेवलं तरी तीन-साडेतीन इंच उंच राहतं आणि ओट्याच्या कडप्प्याला घासतं.

बाळीवेसकर (११:४८)
हे सगळं ट्रॉल्यांचं खूळ. आमच्या आईची भिंतीवरची मांडणी, लग्नात आलेली, अजून जशीच्या तशी. खाली ताटं उभी, मधे पातेली, कडेच्या आकड्यांना झारे-पळ्या. डोळ्यासमोर असतं, हात लांबवला की मिळतं. ट्रॉलीत अंधार, ओल आणि झुरळं. मांडणी लावा, प्रश्न मिटला.

होटगीरोड (शुक्रवार, सकाळी ७:१५)
@बाळीवेसकर मांडणीवर फोडणीचा चिकटा बसतो तो कोण पुसणार? तुम्ही पुसता का? ते सांगा आधी.

बाळीवेसकर (७:२२)
दिवाळीला सगळी मांडणी उतरवून मीच घासतो. चिंच आणि राख. या वर्षी या बघायला.

वैतागबाई (९:०५)
निघाला!!! सुतारकाम दादा, शंभर वर्षं जगा. रवीच होती. मोठी, ताकाची. आत हे सापडलं: झारे ३, उलथनी ५, सराटे २, पळ्या ४, डाव ३, सांडशी २, चिमटे २, लाटणी ४ (एक पापडाचं), किसण्या ३, पुरणयंत्राच्या जाळ्या, सोऱ्याच्या चकत्या, बत्ता.
आता आतलं माप: रुंदी १३, खोली १८, उंची ४ इंच. हे सगळं परत त्यात घालणार नाही. कुठे ठेवू?

सुतारकाम (९:२०)
बत्ता?? लोखंडी? ड्रॉवरमध्ये?

वैतागबाई (९:२४)
खल खाली मावला पण बत्ता मावला नाही म्हणून.

सुतारकाम (९:३३)
अहो, चॅनेलवर ४५ किलो लिहिलेलं असतं, पण बत्ता आत घरंगळत जाऊन दर वेळी मागे आपटला की प्लायमधले स्क्रू ढिले होतात. म्हणूनच ट्रॉली एका बाजूला झुकली असणार. तपासा.

वैतागबाई (९:४०)
झुकलीय.

मापाडी (९:५५)
घरात माणसं किती? लाटणी चार कशाला?

वैतागबाई (१०:०२)
आम्ही तिघं आणि सासूबाई. त्या दिवाळीनंतर साखर पेठेतलं जुनं घर सोडून आमच्याकडे आल्या, सोबत त्यांची भांडीही आली. त्यांचं उलथनं वेगळं, भाकरीचं वेगळं, धिरड्याचं वेगळं. म्हणून टाकायचं नाही म्हटलं होतं. झालं समाधान?

रिकामीफळी (१०:१०)
सॉरी ताई. हे आधी लिहिलं असतंत तर मी बोलले नसते.

होटगीरोड (१०:३०)
मग भिंतीवर स्टीलची रॉड मारा, गॅस आणि सिंकच्या मधे, डोळ्यांच्या थोडी खाली. एस आकाराचे हुक लावून रोजचे सहा नग लटकवा, बाकी ड्रॉवरमध्ये. रॉड ३०४ ग्रेडचीच घ्या. आमच्याकडे बोअरचं पाणी आहे, स्वस्तातल्या रॉडला सहा महिन्यांत तांबारे डाग पडले.

शंकासूर (१०:४१)
दुकानात लोहचुंबक न्यायचं. चिकटलं नाही की ३०४.

सुतारकाम (१०:५०)
चुकीचं. २०२ लाही चुंबक चिकटत नाही. त्यात निकेल कमी आणि मँगनीज जास्त असतं, म्हणून दिसतं तसंच पण गंजतं लवकर. ३०४ म्हणजे १८ टक्के क्रोमियम, ८ टक्के निकेल, भांड्यांवर १८/८ छापतात ते हेच. चुंबकावर भरवसा ठेवून माझ्याच एका गिऱ्हाईकानं फसवून घेतलंय.

शंकासूर (१०:५८)
आमच्या वडिलांनी आयुष्यभर चुंबकानंच भांडी घेतली, एकही गंजलं नाही.

वैतागबाई (११:१५)
भिंतीला भोक पाडता येत नाही. घर भाड्याचं आहे, मालकाची टाइल. मांडणी, रॉड दोन्ही बाद.

मापाडी (११:१८)
हे कधी सांगणार होतात?

शेंगाचटणी (११:३०)
चिकटवायचे हुक सांगायला लोक येतीलच, म्हणून आधीच सांगते. जुळे सोलापुरात पश्चिमेचं स्वयंपाकघर आहे माझं. एप्रिल-मेमध्ये ४३-४४ अंशांत दुपारी तीनला ते हुक आपोआप खाली. एकदा झारा थेट वरणात. व्हॅक्यूमवाले तर त्याहून बेकार.

होटगीरोड (११:४४)
टाइल साबणाच्या पाण्यानं धुऊन, पूर्ण कोरडी पुसून हुक लावायचा आणि २४ तास त्याला काहीच अडकवायचं नाही. शिवाय गॅसच्या मागे लावायचाच नाही. लोक तेलकट भिंतीला डकवतात, लगेच अर्धा किलोची पळी टांगतात आणि उन्हाला शिव्या देतात.

शेंगाचटणी (११:५०)
सगळं केलं होतं. पडलाच.
असो. @वैतागबाई तो बत्ता मात्र ओट्यावर नका ठेवू, खलासकट जमिनीवर, पोत्याच्या तुकड्यावर ठेवा. शेंगदाण्याची चटणी कांडून करता ना? कांडली की शेंगदाण्याला तेल सुटतं आणि चटणी ओलसर होते. मिक्सरमध्ये नुसता भुगा.

बाळीवेसकर (१२:०५)
एक नंबर बोललात. मिक्सरची चटणी म्हणजे तिखट घातलेलं कूट. खरी चटणी उखळातली, लसूण सालीसकट.

शंकासूर (१२:१२)
मिक्सर थांबत थांबत फिरवला तर सुटतं तेल. काय बे, कुणाला वेळ आहे कांडायला.

वैतागबाई (१२:१५)
चटणीचा धागा वेगळा काढा ना.

मापाडी (१२:४०)
ड्रॉवर एकच का वापरताय? ओट्याखाली अजून दोन-तीन खण असतील. तिथे काय आहे?

वैतागबाई (१२:५१)
पाणी. दोन स्टीलची पिंपं, चार कळशा, हंडा आणि सिलिंडर. खालची ट्रॉली पाण्याच्या बाटल्यांची.

रिकामीफळी (१:०२)
इतकं पाणी भरून कशाला ठेवता? जागा तिथेच गेली की तुमची.

होटगीरोड (१:०४)
हाहा. पुण्याच्या ताई, सोलापुरात या एकदा. आमच्याकडे आज पाणी आलं की पुढचं चार-पाच दिवसांनी. तेही पहाटे आलं तर पहाटे उठायचं.

बाळीवेसकर (१:१५)
उजनी ११७ टीएमसीची, त्यातला ६३ मृतसाठा. धरण भरलं तरी आमच्या नळाला वार लागलेलेच. धरणात कमी पडतं म्हणून नाही, तिथून शहरापर्यंत आणायचं आणि वाटायचं कसं यातच...

मापाडी (१:१७)
अवांतर पुरे. ताई, म्हणजे तुमचा प्रश्न ड्रॉवरचा नाहीच. पाण्यानं तीन खण घेतले म्हणून सगळी हत्यारं एका खणात आली. पिंपं बाहेर काढता येतील का? बाल्कनी?

वैतागबाई (१:३०)
बाल्कनीत ऊन येतं, पिण्याचं पाणी तापतं. नाही काढणार. पण बरोबर आहे तुमचं. सासूबाई यायच्या आधी पाण्याच्या बाटल्यांच्या ट्रॉलीत लाटणी-पोळपाट असायचं.

शेंगाचटणी (२:१०)
मग उभं ठेवा. रुंद तोंडाचा, जड बुडाचा डबा गॅसच्या उजव्या हाताला, शेगडीपासून वीतभर लांब. दांडा खाली, तोंड वर. फक्त रोजचं. हलका प्लास्टिकचा स्टँड नको, दोन डाव एका बाजूला गेले की उलटतो. आणि धुतलेलं लगेच आत टाकू नका, ओलं पाणी तळाशी साचून वास येतो. जुना स्टीलचा डबा असेल तर बुडाला खिळ्यानं चार भोकं पाडून खाली बशी ठेवा.

वैतागबाई (२:२५)
सासूबाईंचा पितळी डबा आहे, पाच किलो ज्वारी मावते असा. माळ्यावर पडलाय. तो चालेल? भोकं मात्र नाही पाडू देणार त्या.

कल्हईवाले_आजोबा (३:००)
पितळेचे नाव वाचून लिहीत आहे. पितळी भांड्यात आंबट पदार्थ ठेवण्यापूर्वी कल्हई अवश्य करावी. भांडे तापवून, नवसागर टाकून, कथलाचा हात कापसाने सर्वत्र फिरवावा लागतो. पूर्वी कल्हईवाला भाता घेऊन गल्लीत यायचा आणि आम्ही मुले भोवती उभे राहायचो. पांढऱ्या धुराचा तो वास अजून आठवतो. ताक, चिंचेचे सार, आमटी बिनकल्हईच्या पितळेत कळकते.

वैतागबाई (३:०८)
आजोबा, डब्यात उलथनी ठेवायची आहेत.

कल्हईवाले_आजोबा (३:२०)
मग कल्हईची गरज नाही. पण करून घेतल्यास वाईट नाही.

सुतारकाम (४:०५)
पितळी डबा उत्तम, जड आहे. तळाला जुन्या टॉवेलचा गोल तुकडा घाला आणि दोन दिवसांनी बदला. रवी आणि लाकडी लाटणी त्यात नको. लाकूड ओलं राहिलं की बुरशी धरते. पूर्ण वाळवून आडवी ठेवायची, जिथे वारा लागतो तिथे.
ड्रॉवरसाठी: १८ इंच खोलीत झारे-पळ्या सरळ मावतील, आडवे घालू नका. मधे १८ इंचाची एक पट्टी उभी लावली की दोन कप्पे. ५ मिलिमीटर ॲक्रिलिक चालतं, जाड पुठ्ठ्याचं केलंत तरी रविवारपर्यंत टिकेल. साडेतीन इंचांपेक्षा उंच वस्तू आत घालायची नाही, हाच नियम. किसण्या, सोऱ्याच्या चकत्या, पुरणाच्या जाळ्या कापडी पिशवीत घालून माळ्यावर. त्या वर्षातून किती वेळा लागतात?

वैतागबाई (४:३०)
चकत्या फक्त दिवाळीत. पुरणाच्या होळी-पोळ्याला. किसणी एक रोज लागते.

सुतारकाम (४:३३)
एक ठेवा, दोन वर. ढिले स्क्रू मात्र माणूस बोलावून बसवून घ्या. तेच भोक परत वापरू नका, त्यात काडी आणि फेव्हिकॉल भरून शेजारी नवं पाडायचं. ते ट्रॉलीच्या आत आहे, त्याला मालक नाही म्हणणार नाही.

बाळीवेसकर (७:४०)
शेवटी मांडणीचंच तत्त्व. समोर दिसलं पाहिजे.

होटगीरोड (७:४४)
डबा म्हणजे मांडणी नव्हे ओ काका.

वैतागबाई (रविवार, रात्री ११:०५)
१४ म्हणाले होते, १७ आले. डबा माळ्यावरून काढून चिंचेनं घासला, सासूबाईंनी स्वतः. त्यात ९ नग उभे आहेत. पुठ्ठ्याची पट्टी लावलीय, ड्रॉवर बोटानं उघडतो. बत्ता खलात, खल जमिनीवर, त्यावर आज दोघांचे पाय आपटले. रवी पिंपाच्या झाकणावर आडवी आहे, तिची जागा अजून ठरली नाही. भाकरीचं उलथनं मात्र सासूबाईंनी डब्यातून काढून पोळपाटाखाली सरकवलं. म्हणाल्या, "ते तिथंच असतंय." चाळीस वर्षं तिथंच असायचं म्हणे. भाकऱ्या सुरू झाल्यावर बघितलं, परातीतून भाकरी तव्यावर टाकली की त्यांचा डावा हात न बघता बरोब्बर तिथंच जातो. मी गप्प बसले.
सगळ्यांचे आभार. स्क्रूवाला मंगळवारी येतो म्हणालाय.

मापाडी (११:२०)
छान. रवीच्या दांड्याची लांबी सांगा, जागा काढू.

नवाभिडू (सोमवार, सकाळी ८:१०)
सगळा धागा वाचला नाही, पण ड्रॉवर अडकत असेल तर कडेला मेणबत्ती घासा. आमचा लगेच सुटला.