बाइंडिंगच्या आधी बूट बघा
भाच्याचा पाय ८ नंबर, जानेवारीत गुलमर्गला स्नोबोर्डिंग, बाइंडिंग (बूट बोर्डला बांधून ठेवणारा पट्ट्यांचा सांगाडा) मिडियम की लार्ज असं विचारलंयत, तर आधी एक गोष्ट, आपल्याकडे दुकानात मिळतो तो ८ बहुतेक यूकेचा असतो आणि बाइंडिंगचे चार्ट सहसा यूएस नंबरवर असतात, म्हणजे पुरुषांच्या मापात साधारण ९. बऱ्याच कंपन्यांच्या चार्टमध्ये ९ मिडियममध्येच येतो. पण माप पायाचं नाही हो, स्नोबोर्डच्या बुटाचं बघायचं!! काही बूट बाहेरून जाडजूड असतात, एकाच नंबरचे दोन बूट वेगळे बसतात, म्हणून आधी बूट फायनल करा मगच बाइंडिंग ऑर्डर करा प्लीज.

पार्सल आलं की घरीच हॉलमध्ये तपासा. बूट घालून टाच मागच्या कपात पूर्ण दाबायची, पट्टे आवळायचे. घोट्यावरच्या पट्ट्याची गादी बुटाच्या मधोमध यायला हवी. रॅचेट (पट्टा आवळायची दातेरी पकड) शेवटच्या दात्यापर्यंत ओढूनही बूट डावीउजवीकडे हलत असेल तर बाइंडिंग मोठी, दाते जेमतेम अडकत असतील तर लहान. पट्ट्यांची लांबी बहुतेक ॲडजस्ट होते, ते करून मगच ठरवा.

नंबर दोन साइझच्या मध्ये आला तर बूट जाड असल्यास मोठी घ्या. आणि बोर्डवरची भोकं बघा, बर्टन कंपनीच्या चॅनलवाल्या (भोकांऐवजी लांब खाच असलेल्या) बोर्डला बाइंडिंगची चार भोकांची डिस्क (स्क्रूने बोर्डवर बसणारी चकती) तशीच बसेल असं धरून चालू नका. बोर्ड तिथेच भाड्याने घेणार असाल तर बाइंडिंगवर आत्ता खर्च नको, बूट मात्र स्वतःचे असूदेत.