एकाच बॅचमधली सीनियॉरिटी वयावरून ठरवणं बरोबर आहे का?

नाशिकचा_पक्षी:
अमेरिकेतल्या एका रीजनल (छोट्या पल्ल्याच्या) एअरलाइनमध्ये गेल्या सोमवारी पायलट म्हणून रुजू झालो. बॅच २२ जणांची. पहिल्याच दिवशी सीनियॉरिटीची यादी लागली ती जन्मतारखेवरून, सगळ्यात मोठा तो पहिला. मी २५ वर्षांचा, म्हणून शेंडेफळ. पहिले आहेत ५४ वर्षांचे एक गृहस्थ, आधी शाळेत गणित शिकवायचे. त्यांचे उड्डाणाचे तास माझ्यापेक्षा ३०० ने कमी!

बाहेरच्यांना वाटेल, एवढ्याशा फरकाने काय बिघडतं? पण बेस (कुठल्या शहरातून उडायचं), महिन्याची लाइन (उड्डाणांचं वेळापत्रक), सुट्टी, कॅप्टन कधी होणार, सगळं त्या नंबरावर. कपात आली तर सुरुवात शेवटून. आमच्या बॅचला डेन्व्हरच्या चारच जागा होत्या. बायको डेन्व्हरला, मी न्यूअर्कला रिझर्व्हवर असणार, म्हणजे बोलावतील तेव्हा उडायचं, फोन उशाशी घेऊन. ट्रेनिंगच्या मार्कांवरून किंवा तासांवरून का नाही ठरवत?

जुना_कमांडर:
मार्कांचं खूळ काढ डोक्यातून. सिममध्ये (सरावाच्या नकली कॉकपिटमध्ये) पार्टनर अडखळला तर त्याला सावरायचं की त्याचा नंबर खायचा? आणि तास कुठले मोजणार? इथे साधारण १५०० लागतात, त्यातले बहुतेकांचे छोट्या सेसना विमानात पोरांना शिकवताना झालेले. रात्रीची मालवाहतूक करणारा म्हणेल, माझा एक तास म्हणजे तुझे तीन.

वयामागे हिशेब आहे. गुरुजी ६५ ला सक्तीने निवृत्त, म्हणजे ११ वर्षांत यादीतून बाहेर. तुझ्यापुढे ४० वर्षं आहेत. उलट केलं तर तू त्यांच्या डोक्यावर कायमचा.

उशीरा_अपग्रेड:
कमांडरसाहेब, हिशेब कागदावर ठीक. डिसेंबर २००७ मध्ये निवृत्तीचं वय एका रात्रीत ६० चं ६५ झालं. मी अपग्रेडच्या, म्हणजे कॅप्टन होण्याच्या उंबरठ्यावर होतो. वरचे हलेनात, त्यात मंदी आली. २०२३ मध्ये अमेरिकी संसदेच्या हाउसने ६७ सुद्धा मंजूर केलं होतं, २०२४ च्या कायद्यातून ते गळलं म्हणून वाचलो. म्हातारे जातील या भरवशावर नियम बांधू नका.

त्यापेक्षा चिठ्ठ्या. माझ्या पहिल्या कंपनीत इन्स्ट्रक्टरच्या टोपीतून काढल्या होत्या. १८ जणांत मला १७ आला. चिडणार कोणावर, टोपीवर?

कलिना_क्वार्टर्स:
तुमचं २२ जणांत निभावतंय. आमच्याकडे भारतात २००७ ला एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स एकत्र केल्या, दोन अख्ख्या याद्या. त्या गुंत्यासाठी न्या. धर्माधिकारी समिती बसली. २०१२ ला नव्या ड्रीमलायनर विमानाचं ट्रेनिंग कोणाला, यावरून संप झाला. माझ्या घरी तेव्हा सासरे एका बाजूचे, नवरा दुसऱ्या. जेवताना विमान हा शब्द काढायचा नाही, असा सासूबाईंचा हुकूम होता.

नाशिकचा_पक्षी:
टोपी पटली. माझा नंबर काही बदलत नाही, पण पटली. गुरुजींनी डेन्व्हरच घेतलं. काल वेट अँड बॅलन्स (विमानातल्या वजनाचा आणि तोलाचा हिशेब) मात्र त्यांनीच समजावलं, त्यामुळे धड रागही धरता येत नाही. असो. न्यूअर्कजवळ क्रॅशपॅड (पायलटांची भाड्याची सामायिक खोली) माहीत आहे का कोणाला? पलंग स्वतःचा हवा, पाळीपाळीने झोपायचा नको.