ज्येष्ठांच्या डिप्रेशन स्केलचं मराठी : प्रश्नातला शब्द बदलला तर चालतो का? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

मी एमएस्सी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय कम्युनिटी हेल्थ. कोथरूड-कर्वेनगर भागातल्या साठीपुढच्या बायकांमध्ये नैराश्याची लक्षणं किती दिसतात, हा प्रबंधाचा विषय. टूल म्हणून जीडीएस-१५ घेतली आहे, म्हणजे जेरियाट्रिक डिप्रेशन स्केलचा छोटा नमुना. बारा जणींचा पायलट, म्हणजे आधीची छोटी चाचणी फेरी, झाला आणि मी तिथेच अडकले.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी : मूळ स्केल ३० प्रश्नांची, येसावेज आणि सहकाऱ्यांची, १९८३ सालची. १५ प्रश्नांची १९८६ मध्ये आली. उत्तर फक्त हो किंवा नाही. दहा प्रश्नांना 'हो' म्हटलं की गुण, पाच प्रश्नांना 'नाही' म्हटलं की गुण. बेरीज पाचाच्या वर गेली तर पुढे नीट तपासून घ्यावं, असं साधारण धरतात (हा झाला कटऑफ). यात झोप, भूक, अंगदुखी विचारत नाहीत, म्हणून मला ही आवडली. पंचाहत्तरीला गुडघे दुखतातच, त्याचे गुण कुणाच्या खात्यावर लावायचे?

मराठी प्रत सीनियरकडून मिळाली, झेरॉक्सची झेरॉक्स. भाषांतर कुणी केलं, कसं तपासलं, काही लिहिलेलं नाही.

डहाणूकर कॉलनीत एका आजींकडे गेले होते, वय ७८. सून आत चहा टाकत होती. 'सध्या तुम्ही जशा आहात त्यावरून निरुपयोगी आहोत असे वाटते का?' हा प्रश्न मी जसाच्या तसा वाचला. आजी म्हणाल्या, "निरुपयोगी कशी गं? भाजी निवडते, देवाची फुलं काढते, दुधाचा हिशेब माझ्याकडेच आहे." मी 'नाही'वर खूण केली. एकूण स्कोअर आला तीन. निघताना मी चपलेचा पट्टा लावत होते. आजींनी दार धरून ठेवलं होतं. आत एकदा बघून हळूच म्हणाल्या, "आता आम्ही म्हणजे अडगळ. टाकवत नाही म्हणून ठेवलेली."

मी लिफ्टपाशी बराच वेळ उभी राहिले. कागदावर त्या प्रश्नासमोर शून्य होतं. ते मी बदललं नाही, बदलणं बरोबर वाटलं नाही. पण त्या स्कोअरवर आता माझा विश्वास नाही.

त्यानंतर सगळे फॉर्म पुन्हा काढून बघितले. पहिलाच प्रश्न : 'तुम्ही आयुष्यात समाधानी आहात का?' बाराही जणी हो म्हणाल्या. पण आपल्याकडे समाधान 'वाटतं' त्यापेक्षा जास्त वेळा आपण ते 'मानतो'. "मानायचं समाधान, दुसरं काय" असं दोघी-तिघी बोलल्या आणि फॉर्मवर तेही 'हो'च झालं. 'नवीन काही करायला बाहेर जाण्यापेक्षा घरीच थांबणं बरं वाटतं का?' यालाही जवळजवळ सगळ्या हो. कारण विचारलं तर कर्वे रस्ता ओलांडायची भीती, फूटपाथवर लावलेल्या गाड्या, चार वाजता येणारी कामवाली. मन कुठे आलं त्यात? 'कंटाळा येतो का'चं उत्तर कुणी थकवा समजून दिलं, कुणी आळस समजून. आणि 'मन प्रसन्न असतं का' नंतर थोड्याच वेळात 'आनंदी असता का' आलं की "आत्ताच तर विचारलंस की!" असं ऐकावं लागतं.

एक चूक माझीही झाली. अवघडलेपण घालवायला मी "कंटाळा येत नाही ना?" असं विचारायला लागले होते. त्यावर "हो" आलं. या 'हो'चा अर्थ काय लावायचा ते आता मलाच सांगता येत नाही. ते दोन फॉर्म बाजूला ठेवले आहेत.

गाइड मॅडम म्हणतात, स्टँडर्ड टूल आहे, हात लावू नकोस. त्यांचा मुद्दा मला कळतो. पण 'निरुपयोगी'च्या जागी 'अडगळ झाल्यासारखं' घातलं तर ती स्केल तीच राहते का? पाचाचा कटऑफ तेव्हाही धरायचा का? आणि सून खोलीत असेल तर तिला बाहेर थांबा असं न दुखावता कसं सांगायचं? कुणी हे काम केलं असेल तर कृपया लिहा. एथिक्स कमिटीकडे बदल कळवायला माझ्याकडे फार दिवस नाहीत.

— सायली_कम्युनिटी

प्रतिसाद : तगर

क्लिनिकल सायकॉलॉजीत काम करते, म्हणून लिहिते. मॅडम आणि तुम्ही, दोघींचंही बरोबर आहे. आपल्या मनाने शब्द बदलायचा नाही. पण बदलायची रीत आहे, ती वापरा. दोन जणांनी स्वतंत्रपणे मराठी करायचं, मूळ स्केल न पाहिलेल्या तिसऱ्याने ते परत इंग्रजीत न्यायचं, मग एकत्र बसून ताडून बघायचं. ब्रिस्लिन या संशोधकाने १९७० मध्ये मांडलेली ही उलट भाषांतराची पद्धत आजही वापरतात. पण तेवढ्यावर थांबू नका. 'निरुपयोगी' उलट भाषांतरात अगदी बरोबर परत जाईल आणि आजींना तरीही लागू पडणार नाही. आठ-दहा जणींना एकेक प्रश्न वाचून दाखवा आणि विचारा, "यात मी काय विचारलं असं तुम्हाला वाटलं?" त्यांची वाक्यं जशीच्या तशी लिहून घ्या. 'अडगळ' पुन्हा पुन्हा आलं तर तो शब्द घालायला तुमच्याकडे आधार झाला.

कटऑफचं मात्र कडकपणे सांगते. पाच हा आकडा वेगळ्या भाषेतल्या, वेगळ्या माणसांवरचा आहे. मराठी प्रतीसाठी तो ठरवायचा तर त्याच बायकांची मानसोपचारतज्ज्ञांकडून मुलाखत घेऊन स्कोअरशी जुळवून बघावं लागतं. प्रबंधात ते जमणार नसेल तर 'नैराश्य आहे' असं लिहू नका, स्कोअर किती ते लिहा आणि मर्यादा स्पष्ट मांडा. हो-नाही उत्तरांना केआर-२० हा विश्वासार्हतेचा आकडा काढतात, पण बारा जणींवर काढून काही हाती लागणार नाही. शिवाय तो आकडा चांगला आला तरी प्रश्न एकमेकांशी जुळतात एवढंच कळतं, योग्य गोष्ट मोजली जाते का ते नाही.

आणखी एक. या १५ प्रश्नांत जीव नकोसा होण्याबद्दल थेट प्रश्न नाही. कुणी तसं बोललं तर फॉर्म बाजूला ठेवा. कुठल्या डॉक्टरांकडे न्यायचं ते आधीच ठरलेलं असू दे. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर जवळ ठेवा, तिथे मराठीत बोलता येतं.

प्रतिसाद : मुक्काम_एरंडवणे

माझं वय ७३, म्हणजे मी तुझ्या सॅम्पलमधली. अगं, अनोळखी मुलीने घरात येऊन 'समाधानी आहात का' विचारलं तर मीही हो म्हणेन. नाही म्हटलं की त्यात मुलाची, सुनेची बदनामी आली. आणि सुना वाईट असतात असंही नाही, माझी फार चांगली आहे. पण दुपारी दोन ते पाच घर अंगावर येतं, ते तिला काय सांगायचं? घरी नको विचारूस. विरंगुळा केंद्रात ये, कोपऱ्यात दोन खुर्च्या टाकून बस. सुनेला बाहेर घालवायचा प्रश्नच उरणार नाही. आणि प्रश्न वाचून झाल्यावर लगेच पेन टेकवू नकोस. आम्हाला वेळ लागतो.

सायली_कम्युनिटी

तगर ताई, काकू, मनापासून आभार. काकू, 'घर अंगावर येतं' हे लिहून घेतलं आहे. 'आयुष्य रिकामं वाटतं का' या प्रश्नाशेजारी. मॅडमशी आज बोलले. शब्द बदलण्याआधी दहा जणींशी असं बोलून घ्यायला त्या तयार आहेत, पण कटऑफ लावायचा नाही, फक्त स्कोअर मांडायचा या अटीवर. विरंगुळा केंद्रात जायचं तर जागेतला बदल कमिटीला कळवावा लागेल, तो अर्ज उद्या देते.

उलट भाषांतरासाठी जीडीएस कधीही न पाहिलेलं, दोन्ही भाषा नीट येणारं कुणी हवं आहे. पंधरा वाक्यं आहेत, तासाभराचं काम. जमणार असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. मूळ प्रश्न मात्र आधी शोधून वाचू नका.