मदत हवी आहे: अमूर्त कागदी कोलाज शिकवायचंय, पण मुलं घर आणि सूर्यच कापतात

कोरा_कागद

दुसरी ते चौथीच्या मुलांकडून कापलेल्या रंगीत कागदांचं अमूर्त कोलाज करून घ्यायचं आहे. कुठल्याही वस्तूचं चित्र नको, फक्त आकार, रंग आणि त्यांची मांडणी. वर्गात ३६ मुलं, ४० मिनिटांच्या सलग दोन तासिका. घोटीव कागद, बोथट टोकाच्या कात्र्या, पांढरा गोंद आणि खाली ए४ आकाराचा साधा ड्रॉइंग पेपर असं साहित्य आहे.

अडचणी अशा:

१. "काहीही करा" म्हटलं की घर, डोंगर, सूर्य, फूल. "वस्तू नकोत" म्हटलं की हातच थांबतात.
२. पहिला तुकडा कापला की तो लगेच कागदाच्या मधोमध चिकटतो. मग पुढचे सगळे त्याच्याभोवती गोल.
३. काम वाळल्यावर कागद पन्हळीसारखा वाकतो.
४. दुसरीच्या मुलांना वळणाचे आकार जमत नाहीत, कडा दातेरी होतात.
५. झालेल्या कामाबद्दल मुलांशी काय बोलावं? "छान" याच्या पुढे जाता येत नाही.

कागद किती लागेल याचाही अंदाज हवा आहे.

---

कातरकाम

पहिल्या दोन अडचणींचं मूळ एकच आहे. कापणं, मांडणं आणि चिकटवणं ही तीन वेगळी कामं मुलं एका दमात करतात. ती तोडून द्या आणि मांडणी संपेपर्यंत गोंद वाटूच नका. नुसतं "चिकटवू नका" सांगून भागत नाही. गोंद बाकावर असला की हात तिकडे जाणारच.

८० मिनिटांची विभागणी: कागदवाटप आणि प्रात्यक्षिक १०, कापणं २०, गोंदाशिवाय मांडणी २०, चिकटवणं २०, आवराआवर १०. वेळ कमी पडला तर कापण्यातून घ्या. मांडणीची २० मिनिटं हाच खरा धडा आहे, तिला हात लावू नका.

आता "काहीही करा" बद्दल. या वयाच्या मुलाला पूर्ण मोकळीक दिली की ते पाठ असलेलं चित्र काढतं, कारण दुसरं काही हाताशीच नसतं. विषय देऊ नका, अट द्या. उदाहरणार्थ:

- रंग तीनच.
- तुकडे नऊ: एक तळहाताएवढा, तीन मध्यम, पाच अंगठ्याएवढे.
- निदान एक तुकडा कागदाच्या कडेबाहेर गेलाच पाहिजे. (बाहेरचा भाग शेवटी कापायचा.)
- निदान दोन तुकडे एकमेकांवर चढले पाहिजेत.

तिसरी अट साधी दिसते, पण घर-सूर्य सर्वात जास्त तीच मोडते. मुलांच्या चित्रात तळाशी जमीन आणि वर आभाळ असतं. आकार कडेने कापला गेला की ती बैठकच हलते. लहान-मोठ्याची अट नसेल तर सगळे तुकडे एकाच मापाचे निघतात आणि मांडणी फरशीसारखी सपाट होते.

चौथीला अटींबरोबर एक क्रियापदही देता येतं: धावणं, घसरणं, दाटी होणं, थांबणं. नाम दिलं की वस्तू येते, क्रियापद दिलं की हालचाल येते. "पाऊस" नको, "टपटपणं" चालेल.

मांडणीच्या वेळी दर पाच मिनिटांनी सगळ्यांनी तळकागद पाव फेरा फिरवायचा, तुकड्यांसकट, अगदी हळू. चारही बाजूंनी बघितल्यावर "वर" आणि "खाली" पुसट होतात. चुकून झालेला सूर्यही तेव्हा नुसता गोल दिसायला लागतो.

---

वाळवण

मी फक्त कागद आणि गोंदाबद्दल.

वाकण्याचं कारण पाणी. गोंदातलं पाणी पिऊन कागदाचे तंतू फुगतात आणि वाळताना आक्रसतात. तळकागद पातळ आणि गोंद एकाच बाजूला, म्हणून तो एका अंगाला ओढला जातो. गोंदात पाणी घालून तो "पुरवला" तर आणखी वाकतो. उपाय असे:

तळाला २०० ते २५० जीएसएमचा कार्डकागद घ्या (जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन). साधा ड्रॉइंग पेपरच वापरायचा असेल तर दोन कागद एकमेकांना चिकटवून, वजनाखाली वाळवून आदल्या दिवशी तयार ठेवा.

गोंद तळकागदाला लावायचा नाही, तुकड्याच्या पाठीला लावायचा. तुकडा रद्दी कागदावर उलटा ठेवायचा आणि गोंदाची कांडी मधून कडेकडे, कडेच्या बाहेरपर्यंत फिरवायची. कडा सुटतात त्या गोंद कमी पडल्यामुळे नाही, कडेपर्यंत न पोहोचल्यामुळे. रद्दी दर दोन-तीन तुकड्यांनी बदला, नाहीतर आधीचा गोंद पुढच्या तुकड्याच्या रंगीत बाजूला लागतो. घोटीव कागदावर असा डाग चमकदार ठिपक्यासारखा कायम दिसतो.

दुसरी-तिसरीला कांडीच बरी. पांढरा गोंद द्यायचाच तर झाकणात चमचाभर, आणि जाड पुठ्ठ्याच्या बोटभर पट्टीने पातळ पसरायचा. बाटली हातात दिली की तळं होतं.

पूर्ण झालेली कामं कोऱ्या कागदांच्या थरांमध्ये एकावर एक रचून वर वह्यांचा गठ्ठा, रात्रभर. दोरीवर टांगू नका, टांगलेलं काम हमखास वळतं.

कागदाचा हिशेब: प्रत्येकाला एक अर्धा ए४ (मोठ्या तुकड्यासाठी) आणि तीन पाव ए४. म्हणजे माणशी सव्वा कागद. ३६ जणांना ४५, वाया जाण्यासाठी ५ जास्त, एकूण ५०. कागद आधीच अर्धे-पाव करून ठेवा. अख्खा ए४ दिला की मूल बरोबर मधोमध छोटा गोल कापतं आणि उरलेला कागद निकामी होतो.

घोटीव कागदाची मागची बाजू पांढरी असते. मागे पेन्सिलने काढून कापलं तर आकार उलटा निघतो आणि मुलं गोंधळतात. पेन्सिल बाजूलाच ठेवा. थेट कात्रीने कापलेल्या आकाराला निराळा जोम असतो, आणि पेन्सिल नसली की घराची खिडकीही येत नाही.

---

कोरा_कागद

दोन्ही प्रतिसादांसाठी मनापासून आभार. गोंद उशिरा वाटायचा हे सुचलंच नव्हतं. आणखी दोन शंका: गोंदाशिवाय मांडलेले तुकडे पंख्याने उडतील त्याचं काय? आणि दुसरीसाठी आधीच कापलेले चौकोन-त्रिकोण दिले तर चालतील का?

---

वाळवण

मांडणीच्या २० मिनिटांत पंखा बंद. ते शक्य नसेल तर तळकागद उथळ खोक्यात किंवा कडा असलेल्या ट्रेमध्ये ठेवा, कडेमुळे वारा अडतो. मांडणी पक्की झाली की सगळं उचलायचं नाही. एकेक तुकडा उचलून, गोंद लावून, परत त्याच जागी. सर्वात खालचा आधी.

---

चिमटा

आधी कापलेले आकार देण्याला माझा विरोध आहे. तयार त्रिकोण आणि चौकोन शेजारी आले की दुसरीतलं मूल त्यांचं छप्पर आणि भिंत करतंच. शिवाय आकार शोधण्याचा अर्धा आनंद गेला. त्याऐवजी फाडायला द्या.

फाडण्याचंही तंत्र आहे. दोन्ही हातांचे अंगठे आणि तर्जन्या कागदावर अगदी जवळ, जवळजवळ टेकलेल्या. एक हात स्वतःकडे, दुसरा पलीकडे. एका वेळी सेंटीमीटरभरच. हात लांब ठेवले की कागद सरळ चिरत जातो. कागदाला तंतूंची दिशा असते: त्या दिशेने तो बऱ्यापैकी सरळ फाटतो, आडवा फाडला की वाकडातिकडा. हे मुलांना एकाच कागदाच्या दोन पट्ट्या फाडून दाखवा. घोटीव कागद फाडला की एका कडेला पांढरी किनार उमटते, तीही मांडणीत वापरता येते.

आता दातेरी कडा. तीन कारणं असतात.

एक, मूल कात्री वळवतं. वळवायचा कागद. कात्रीचा हात कोपर अंगाशी धरून समोर स्थिर. दुसरा हात कागद फिरवत पात्यात भरवतो. उजव्या हाताने कापणारा आकाराभोवती घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने जातो, डावखुरा सुलट.

दोन, प्रत्येक कापीला पाती पूर्ण मिटतात. टोक मिटलं की तिथे खाच पडते. पात्यांच्या मुळाशी कागद घालायचा आणि टोक मिटायच्या आधीच पुन्हा उघडायचं.

तीन, कात्रीच सैल आहे. कागद कापला न जाता पात्यांमध्ये दुमडत असेल तर दोष मुलाचा नाही, स्क्रू आवळा. डावखुऱ्या मुलाच्या हातात उजवी कात्री असली तरी हेच होतं: हाताच्या दाबाने पाती एकमेकांना चिकटण्याऐवजी फाकतात, आणि वरचं पातं कापायची जागाच झाकतं. अशा मुलांसाठी डावी कात्री हवीच. ही कमतरता "अक्षर वाईट" सारखी मुलाच्या नावावर खपवली जाते, ते बघवत नाही.

दुसरीसाठी क्रम: आधी पट्ट्या, मग पट्ट्यांचे तिरके तुकडे, मग नागमोडी. पूर्ण गोल सर्वात शेवटी.

आणि कात्रणं टाकू देऊ नका. आकार कापल्यावर उरलेला पोकळीचा कागद हाही आकारच आहे. दोन्ही शेजारी ठेवले की मुलांना रिकामी जागा दिसायला लागते. अमूर्त मांडणीत याहून मोठी गोष्ट या वयात शिकवता येईल असं मला वाटत नाही.

---

कातरकाम

पाचव्या प्रश्नाचं राहिलं होतं. "हे काय आहे?" हा प्रश्न पूर्ण टाळा. तो विचारला की मूल तिथल्या तिथे उत्तर बनवतं आणि पुढच्या वेळी वस्तूच कापतं. त्याऐवजी:

"डोळा आधी कुठे जातो?"
"कुठे गर्दी आहे, कुठे मोकळं आहे?"
"हा तुकडा काढला तर काय बिघडेल?"

तिसरा प्रश्न सर्वात कामाचा. बोटाने तो तुकडा झाकून दाखवा. फरक पडत नसेल तर मूल स्वतःच तो काढतं किंवा हलवतं. मुलाने स्वतःहून "यात कुत्रा दिसतोय" म्हटलं तर खोडून काढू नका. "कुठल्या आकारामुळे?" एवढंच विचारा. पण कान-शेपूट जोडायला वेगळा कागद देऊ नका.

फ्रेंच चित्रकार आँरी मातीसचं कापलेल्या कागदांचं काम दाखवायचं असेल तर मुलांची मांडणी झाल्यावर, आधी नाही. आधी दाखवलं की ३६ नकला मिळतात. १९५३ सालचं 'गोगलगाय' उत्तम: रंगवलेल्या कागदाचे ओबडधोबड चौकोनी तुकडे वळशात मांडलेले, बाजू सुमारे २.८७ मीटर. वर्गाच्या फरशीवर खडूने तेवढा चौकोन आखा, नाहीतर पडद्यावर ते टिकलीएवढं वाटतं. मातीसचे साहाय्यक कोरे कागद रंगवून ठेवत आणि तो थेट कात्रीने कापत असे, हेही सांगा.

---

कोरा_कागद

रंगवलेल्या कागदाचा प्रयोग पुढच्या वेळी करावासा वाटतोय. पोस्टर रंग चालतील?

---

वाळवण

चालतील. साधा १०० ते १२० जीएसएमचा कागद, रुंद ब्रश, रंग दुधाइतका पातळ. जाड थर दिला तर वाळल्यावर कापताना तडकून कपच्या निघतात. रंग वाळताना कागद रंगवलेल्या बाजूला वळतो, म्हणून पाठीवर नुसत्या पाण्याचा एक हात फिरवा आणि ओलसर असतानाच वजनाखाली ठेवा, मध्ये कोरा कागद घालून. रंगवणं आणि कापणं एकाच दिवशी घेऊ नका. वरून कोरडा वाटणारा कागद आत दमट असतो, आणि दमट कागद कात्रीत दुमडतो.