मदत हवी आहे: सासूबाई आयसीयूत, पाद्रींना तेल लावायला कसं बोलवायचं?

मांडवीकाठ: सासूबाई बांबोळीला आयसीयूत आहेत. त्यांना पाद्रींकडून तेल लावून हवंय, म्हणजे कॅथलिकांचा आजाऱ्यांसाठीचा संस्कार. मला यातलं काही माहीत नाही, नवरा जहाजावर. तेल आपण न्यायचं का? लवकर सांगा.

फिर्गजकर: शुद्धीत आहेत का? गिळता येतं? फिर्गज (त्यांच्या चर्चचा विभाग) कुठली? आधी तिथल्या विगारांना (मुख्य पाद्रींना) फोन लावा. नाही लागला तर जवळच्या कुठल्याही चर्चला. अशा वेळी फिर्गज आड येत नाही. नाव, वॉर्ड, खाट नंबर सांगा.

साष्टीचा: इतकी घाई कशाला? हा शेवटचा विधी. डॉक्टरांनी आशा सोडल्यावर करतात, नाहीतर आजारी माणूस धास्तावतं.

फिर्गजकर: ही समजूतच घात करते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेने) हा संस्कार केवळ मरणाऱ्यांसाठी नाही असं स्पष्ट केलं, १९७२ मध्ये पोप सहावे पॉल यांनी विधी बदलला. गंभीर दुखणं, मोठं ऑपरेशन, म्हातारपणचा अशक्तपणा, एवढं पुरे. त्याच आजारात प्रकृती आणखी ढासळली तर पुन्हा घेता येतो. प्राण गेल्यावर मात्र तेल लावत नाहीत, प्रार्थना तेवढी होते.

वनिता_म्हापसा: पांढरं कापड, क्रूस, दोन मेणबत्त्या, कापूस मांडून ठेवा. पाद्रींना बोटं पुसायला लिंबाची फोड आणि पाव.

फिर्गजकर: ते घरी. आयसीयूत ऑक्सिजन असतो, मेणबत्ती पेटवायची नाही.

मांडवीकाठ: तेलाचं कुणीच सांगत नाही! घरी वेलांकणीच्या चर्चमधून आणलेल्या तेलाची बाटली आहे. नारळाचं चालेल? शुद्ध येते-जाते, पेज नळीतून देतात.

तिसवाडी: ती बाटली भक्तीची, संस्काराची नाही. संस्काराचं तेल ऑलिव्हचं, नाहीतर दुसऱ्या वनस्पतीचं, म्हणजे नारळाचंही चालतं. पण ते बिशपांनी आशीर्वादलेलं हवं. अगदीच अडलं तर पाद्री विधीतच आशीर्वाद देतात. तुम्ही काही नेऊ नका. ते लहानशी डबी आणतात, झाकणावर ओ. आय. (लॅटिनमध्ये 'आजाऱ्यांचं तेल'), आत तेलात भिजलेला कापूस. कपाळाला आणि दोन्ही हातांना लावतात. हातांना सलाईनच्या पट्ट्या असतील आणि वेळ नसेल तर एकट्या कपाळाला, पण प्रार्थना पूर्ण म्हणून. संसर्गाची भीती असेल तर कापसाच्या काडीने. लगेच पुसू नका म्हणून नर्सना आधी सांगा.

साष्टीचा: पाद्री नाही मिळाले तर सिस्टर (नन) लावतील की.

तिसवाडी: नाही. फक्त पाद्री किंवा बिशप, डीकनसुद्धा (पाद्रींच्या खालचं पद) नाही. ताई, शुद्धीची वेळ नर्सना विचारून पाद्रींना कळवा. शुद्धीत असल्या तर आधी कुमसार (पाद्रींपुढे पापांची कबुली), मग तेल. नळी आहे म्हणजे कुमगाराचं (पवित्र भाकर तोंडात देण्याचं) डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, ठसका लागेल. बेशुद्ध असल्या तरी तेल लावता येतं. त्यांनी स्वतः मागितलंय ना?

मांडवीकाठ: हो, मागच्या आठवड्यात. फोन लागला, चारला येतायत. पण आत एकालाच सोडतात.

तिसवाडी: मग पास पाद्रींना द्या. कुमसाराच्या वेळी तुम्हाला बाहेरच थांबायचंय.